ऑर्डरमध्ये ग्लेशियर नाही

केस जिंकलो, तरी ती फाईल डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठासमोर मी माजी सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनच्या केसेस चालवते. पक्षकार बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. रात्रीच्या एसटीने येतात, सकाळी स्टँडवरच तोंड धुऊन इस्त्रीचा शर्ट चढवतात आणि माझ्या आधी हजर असतात. पुढची तारीख पडली तरी कुरकुर नाही. फौजेत वाट बघायची सवय लागते, आणि सरकारी बाजूचे वकील ‘सूचना घ्यायच्यात’ म्हणत त्या सवयीचा पुरेपूर फायदा घेतात.

हे पक्षकार खटाव तालुक्यातले, फौजेत हुद्दा नाईक. 1984 ला भरती, 2006 ला मुदत पुरी करून लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीच्या खालच्या श्रेणीत, घरी. अशा माणसाला, भरतीच्या वेळेपेक्षा कॅटेगरी खालची असेल तर, आजारपणामुळे सेवेतून काढल्यासारखंच धरायचं असं 1982 चे नियम सांगतात. म्हणजे दार उघडं होतं. मेडिकल बोर्डाने हायपरटेन्शन, म्हणजे बीपी, लिहिलं, 30 टक्के अपंगत्व, कायमचं. पेन्शनसाठी 20 टक्के पुरतात. पण सोबत हेही लिहिलं की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. त्या दोन ‘नाहीं’वर सगळं अडलं.

पुढे पहिलं अपील असतं, मग दुसरं. दोन्ही दिल्लीत समित्यांसमोर, कागदांवरच निकाली निघतात. ज्याचा आजार त्याला कुणी बोलावत नाही. नाईकांचं पहिलं अपील फेटाळल्याचं इंग्रजी पत्र आलं ते ट्रंकेत गेलं, आणि माझ्याकडे आलं तेव्हा 2019 उजाडलं होतं.

अशा केसमध्ये सगळा जीव एएफएमएसएफ-16 या मेडिकल बोर्डाच्या फॉर्ममध्ये असतो. मी तो आधी शेवटाकडून वाचते. भरती होताना हा आजार होता का? नाही. सेवेमुळे झाला? नाही. वाढला? नाही. कारण? ‘पीस स्टेशनवर सुरुवात’, म्हणजे आघाडीपासून दूर, शांत ठिकाणी. एवढंच. खाली तीन डॉक्टरांच्या सह्या. त्याच फॉर्मच्या पहिल्या भागात पोस्टिंगचा तक्ता होता, नाईकांनी स्वतःच्या अक्षरात भरलेला. त्या पीस स्टेशनच्या लगेच वरची ओळ सियाचीन ग्लेशियर. खाली उतरल्यावर काही महिन्यांतच बीपी सापडलं होतं. सह्या करणाऱ्या तिघांपैकी एकानेही पानं मागे उलटून ती ओळ वाचली नसावी, असं माझं मत आहे.

याचिकेत मी ती ओळ ठळक केली, तारखा एकाखाली एक लावल्या. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्यातले काहीजण जुनी याचिका उचलून फक्त नाव बदलतात. मधुमेहाच्या केसमध्ये तीन पानं फिट्सवर मी वाचलेली आहेत. ते कुठून येतं तेही ठाऊक आहे: धरमवीर सिंग खटला, सुप्रीम कोर्ट, 2013. त्यातल्या जवानाला फिट्स येत होत्या. कोर्टाने म्हटलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असं धरा. नाही म्हणायचं तर बोर्डाने कारणं लिहावीत. सिद्ध करायचं ओझं जवानावर टाकू नका, शंकेचा फायदा त्याला द्या. तेव्हापासून आम्ही सगळे याच्यावर जगतो.

सुनावणीच्या दिवशी आमचं मॅटर यादीत खाली होतं, दुपारनंतर पुकारलं. मी धरमवीर सिंग सुरू केलं तोच प्रशासकीय सदस्यांनी, म्हणजे निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी, माझ्यावरून नजर मागे नेली. नाईक मागच्या बाकावर होते. “ऊपर कब थे?”

नाईक सावधानमध्ये उभे. “पूरा विंटर, साब.”

“उतरके पहला मेडिकल कब हुआ?”

त्यांनी महिना सांगितला. सदस्यांनी फॉर्मची पानं मागे उलटली, बोट ठेवून तक्ता पाहिला आणि मान हलवली. एवढ्या वर्षांत ती ओळ कुणीतरी वाचली. सरकारी वकील त्या वेळी स्वतःच्या फाइलीत तेच पान शोधत होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. 30 टक्के राउंड ऑफ करून 50, राम अवतार निकालाप्रमाणे. थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच, तरसेम सिंग निकालाप्रमाणे. म्हणजे 2016 पासून. मधली दहा वर्षं बुडाली. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के या दराने 50 टक्क्यांना 15 टक्के पडतात. नाईकाच्या पगारावर ही रक्कम काही बंगला बांधण्याएवढी नसते. हे सांगायचं कारण, बीपीची पेन्शन म्हटलं की लोक हसतात. बड्या हुद्द्यावरून उतरताना काहींना हे आजार सोयीस्कर वेळी होतात, अशी कुजबुज मीही ऐकते. सप्टेंबर 2023 पासून नवे, जास्त कडक नियम लागू झाले. पण झळ बसते ती नाईक-हवालदारांना.

ऑर्डरचं मराठी करून द्या म्हणाले, गावात दाखवायचंय. करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन.

“मॅडम, यात ग्लेशियर कुठाय?”

“नाही काका. बोर्डाने कारण नीट दिलं नाही म्हणून तुम्हाला दिलंय.”

“म्हंजे माझं खरं होतं असं नाही म्हणाले?”

“खोटं होतं असंही नाही म्हणाले.”

“त्या साहेबांनी तर इचारलं की.”

विचारलं होतं. ते ऑर्डरमध्ये येत नाही. ग्लेशियरमुळेच बीपी झालं का, हे कुठलाही डॉक्टर छातीठोक सांगणार नाही, आणि त्याची गरज पडू नये म्हणूनच तो नियम आहे. नियम चांगलाच आहे, मी त्याच्यावरच भांडले. पण त्यांना पैशाआधी तेवढं वाक्य हवं होतं आणि मागण्यासाठी माझ्याकडे कलमच नव्हतं.

दिलेली मुदत उलटून गेली, पैसे अजून नाहीत. 2023 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने न्यायाधिकरणाविरुद्ध हायकोर्टाचा रस्ता पुन्हा मोकळा केलाय, तेव्हा सरकार तिकडेही जाऊ शकतं. मी अंमलबजावणीचा अर्ज टाइप करतेय. पोस्टिंगचा तक्ता त्यालाही जोडलाय, खरं तर तिथे त्याचं काही काम नाही.