शिक्का पाहून ओळखलेले वय

डिसेंबरच्या सुट्टीत जर्मनीतल्या हायडेलबर्गहून बेळगावजवळच्या खानापूरला गेलो, तेव्हा मामांनी आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली होती. कित्येक कागदांवरच्या तारखा वाळवीने खाल्ल्या होत्या, तरी मामा शिक्का पाहून काळ सांगत होते : मुंबई राज्याचा असेल तर १९५६ च्या आधीचा, म्हैसूर राज्याचा असेल तर १९७३ पर्यंतचा, कर्नाटकाचा असेल तर त्यानंतरचा. "तिकडं नेमकं काय करालास रे?" या त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाला मला प्रथमच सरळ उत्तर सापडले. मामा, हेच करतो. फक्त कागदांच्या जागी तारे असतात.

तारा ज्या वायूतून जन्मतो, त्या वायूच्या रसायनाचा शिक्का त्याच्या पृष्ठभागावर बहुतांशी टिकून राहतो. मॅग्नेशियम अल्पायुषी, अवजड ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर मिळते, तर लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या (इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांच्या) स्फोटांतून बराच उशिरा येतो. त्यामुळे लोहाच्या मानाने मॅग्नेशियम अधिक असलेले तारे सहसा जुने निघतात. आपल्या आकाशगंगेची जाड तबकडी (मुख्य पातळ तबकडीच्या वर-खाली पसरलेला ताऱ्यांचा जाडसर थर), जी खगोलशास्त्रज्ञ गिलमोर आणि रीड यांनी १९८३ मध्ये वेगळी ओळखली, अशाच ताऱ्यांची आहे. (राज्याचा शिक्का एका १ नोव्हेंबरला बदलला, आकाशगंगेचा हळूहळू बदलत गेला, एवढा फरक मामांना सांगावा लागला.)

शिक्क्यावरून काळ कळतो, नेमके साल नाही. त्यासाठी हायडेलबर्गच्याच शियांग आणि रिक्स यांनी २०२२ मध्ये गाभ्यातला हायड्रोजन नुकताच संपलेले सुमारे अडीच लाख तारे निवडले, कारण या अल्पकाळच्या अवस्थेत ताऱ्याच्या तेजावरून त्याचे वय बऱ्यापैकी अचूक काढता येते. अंतरे ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गाया यानाने दिली, रसायन सांगणारे वर्णपट चीनच्या लॅमोस्ट दुर्बिणीने. जाड तबकडी सुमारे १३०० कोटी वर्षांपूर्वीच, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम ८० कोटी वर्षांत, घडू लागली होती असे त्यातून दिसले. तिच्यातील ताऱ्यांच्या जन्माचा भर मात्र सुमारे २०० कोटी वर्षांनंतर आला, गाया-एन्सेलाडस नावाची छोटी दीर्घिका आपल्यात विलीन झाली त्याच सुमारास. तबकडी इतकी आधीची असेल, ही गोष्ट मला अजूनही पचायला जड जाते.

"आणि शिक्काच नसलेला कागद?" मामांनी ट्रंकेच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला. तसे तारेही आहेत, तबकडी घडण्याआधीचे. लोह सूर्याच्या विसाव्या हिश्शाहून कमी असलेल्या, आपल्या आकाशगंगेतच जन्मलेल्या ताऱ्यांत एका दिशेची फिरकी जवळजवळ दिसत नाही. ते प्रमाण आठव्या हिश्शापर्यंत चढते, तोवर तबकडी फिरू लागलेली असते.