लाइन १, कॉलम ०

मंगळवार, रात्र

इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानाचं काम आज मार्गी लागलं. त्यांचा पुरवठादार मालाचे भाव एका एक्सएमएल फाईलमध्ये (खुणांमध्ये बांधलेला मजकूर, प्रोग्रामला वाचता येईल असा) स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतो, दर तासाला नवी. आमचा पायथन भाषेतला प्रोग्राम ती ओढतो आणि बिलिंगमध्ये भाव भरतो. सकाळीच दुकानवाल्या काकाजींचा फोन, "बेटा, कालपासून भाव बदलूनच नाही राहिले."

नवीन लागलेला पोरगा म्हणाला, "ताई, ब्राउझरमध्ये तर बरोबर उघडून राहिली फाईल. मग कोडमध्येच काहून अडते?" प्रश्न नेमका होता. ब्राउझर आपल्या नकळत कितीतरी कामं उरकतो. स्वतःची ओळख सांगतो, दाबून पाठवलेला मजकूर उलगडतो. कोडला ते सांगावं लागतं.

फाईल ओढणं आणि पार्स करणं, म्हणजे तिची रचना ओळखत वाचणं, कोडच्या एकाच ओळीत होतं. ते आधी वेगळं केलं. सर्व्हरच्या उत्तराचा आकडा, म्हणजे स्टेटस कोड, छापायचा, आलेले बाइट जसेच्या तसे डिस्कवर ठेवायचे, मगच पार्सरकडे जायचं. लगेच दिसलं, ४०३, म्हणजे परवानगी नाही. फाईल ओढणारी पायथनची लायब्ररी यूआरएललिब स्वतःची ओळख 'पायथन-यूआरएललिब' अशी देते आणि पुष्कळ सर्व्हर तेवढ्यावरूनच दार लावून घेतात. "क्रोमचं नाव टाकू का?" पोराने विचारलं. नाही. हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीत, आमचं नाव आणि ईमेल घातला. ज्याची फाईल आपण रोज ओढतो, त्याला ती कोण ओढतंय हे कळायला हवं.

मग २०० आला, म्हणजे फाईल मिळाली, पण पार्सर म्हणे, नॉट वेल-फॉर्म्ड (रचना चुकली), इनव्हॅलिड टोकन, लाइन १, कॉलम ०. पहिल्याच अक्षराला आक्षेप म्हणजे आलेली वस्तू मुळात एक्सएमएल आहे का, तेच बघायचं. साठवलेली फाईल हेक्समध्ये, म्हणजे बाइटचे कच्चे आकडे दिसतील अशी, उघडली. सुरुवातीला '<' चा ३सी हवा होता, किंवा फार तर बीओएम या फाईलच्या सुरुवातीच्या खुणेचे ईएफ बीबी बीएफ. तिथे होतं १एफ ८बी. म्हणजे जीझिप, दाबलेली फाईल. आम्ही मागितलेलं नसताना सर्व्हर दाबून पाठवत होता. उलगडायची एक ओळ घातली आणि भाव भरले गेले.

जेवून येतो तर पुन्हा तोच संदेश, शब्दन् शब्द तोच. फक्त लाइन ४१२. पोरगा परत जीझिपच्या मागे लागला होता, त्याला आकड्याकडे बघायला सांगितलं. इतक्या आत येऊन अडलं म्हणजे ओढण्यात काही बिघाड नाही, मजकुरात आहे. त्या ओळीवर दुपारी आलेला नवा माल होता: 'नट & बोल्ट सेट'. एक्सएमएलमध्ये सुटा '&' चालत नाही, तो एंटिटी म्हणून, म्हणजे ठरलेल्या सांकेतिक रूपातच, लिहावा लागतो.

सगळे '&' बदलून टाकायची सूचना आली. पण त्याने आधीच नीट लिहिलेल्या एंटिटी दुहेरी होऊन बिघडल्या असत्या. आणि मला ते तत्त्व म्हणूनही पटत नाही. १९९८ च्या एक्सएमएल १.० मध्येच ठरलंय की अशी चूक दिसली की पार्सरने अंदाज बांधत पुढे जायचं नाही. लोक याला हट्टीपणा म्हणतात, मला तो मोलाचा वाटतो. अर्धी फाईल वाचून अर्ध्या मालाला नवे भाव लागले असते, तर काकाजींनी संध्याकाळपर्यंत कितीतरी बिलं चुकीची फाडली असती, आणि कोणाला पत्ता लागला नसता. म्हणून आता फाईल पूर्ण वाचली गेली तरच भाव बदलतात. नाहीतर शेवटची चांगली फाईल कायम राहते आणि आम्हाला मेल येतो.

पुरवठादाराच्या माणसाला लाइन नंबरासकट फोन केला. तो मजकूर हाताने जोडून फाईल बनवत होता. लायब्ररी वापरली की एस्केप, म्हणजे अशा चिन्हांचं सांकेतिक रूप, आपोआप होतं, हे सांगितल्यावर त्याने मनावर घेतलं. चारच्या फाईलमध्ये ती ओळ दुरुस्त होती.

जाता जाता पोराने स्वतःहून टाइमआउट घातला, तीस सेकंदांचा. यूआरएललिब तो आपणहून लावत नाही, सर्व्हर गप्प बसला तर प्रोग्राम तसाच ताटकळतो. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.