पन्हाळा चढ, आठवडा ११: वेळ वाढली, हेल्मेट नवं

या आठवड्यात सायकलनं वाघबीळ ते पन्हाळा एकदाच झालं, तेही मागच्यापेक्षा ४० सेकंद उशिरा. कोपराला पट्टी होती.

मंगळवारी पहाटे उतरून येताना केर्लीच्या अलीकडं पडलो. गळीत हंगाम सुरू आहे, ट्रॉलीतनं सांडलेली उसाची कांडी रस्त्याला असतातच. एकावरनं पुढचं चाक सटकलं आणि डोक्याची उजवी बाजू डांबरावर आपटली. कोरडा 'टक्' आवाज, बस्स.

घरी बघितलं तर हेल्मेटला वरनं दोन ओरखडे. चालतंय की, म्हणून खुंटीला अडकवणार होतो. सहज आतले पॅड काढले, तर कानाच्या वर फोमला बोटभर लांब, केसाएवढी बारीक चीर. जाडी मोजायला व्हर्नियर लावला: डावीकडं २४ मिमी, उजवीकडं त्याच जागी २०. हा फोम म्हणजे दाट थर्माकोलच. दाणे चिरडतात, तेवढा डोक्याला थांबायला अवधी मिळतो. चिरडलेले दाणे परत फुगत नाहीत, त्यामुळं ते हेल्मेट बाद.

आपल्यात नेहमीचा वाद: हेल्मेटची टेस्ट ताशी २० किमीच्या स्पीडला, मग उतारावर ४५ ला काय उपयोग? युरोपच्या ईएन १०७८ चाचणीत हेल्मेट सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं आपटतात, म्हणजे ताशी साडेएकोणीस किमी. पण हा सायकलचा वेग नव्हे भावांनो! दीड मीटरवरनं पडलेली वस्तू जमिनीला एवढ्या वेगानं लागते, आणि सायकलवर आपलं डोकं साधारण तेवढंच उंच असतं. पुढं जायचा वेग बराचसा घसरण्यात जातो. त्यात डोक्याला पीळ बसतो, त्यासाठी काही हेल्मेटांत आतनं मिप्स नावाचा सरकता थर असतो. मात्र समोरनं ट्रॅक्टर आला तर हे गणित लागू नाही.

'हेल्मेटनं मान मोडते' म्हणणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ४० अभ्यास, ६४,००० हून जास्त जखमी सायकलस्वार एकत्र तपासले. हेल्मेटवाल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता ६९ टक्के कमी. मानेच्या इजेत फरक नाही.

जुनं हेल्मेट शेजारचा पोरगा मागत होता. पट्टे कापून टाकले, म्हटलं आता माग. नवं मिप्सवालं घेतलंय, घाम डोळ्यात जास्त उतरतो. रविवारी परत वाघबीळ.