संशोधनाची उमेदवारी आणि तिचे विद्यावेतन

पदवीच्या विद्यार्थ्याने संशोधन करावे, असे आता धोरणातच लिहिलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते आणि त्याच्या प्रबंधाला १२ श्रेयांक मिळतात. तरतूद चांगली आहे, परंतु ती उशिरा येते, निवडक गुणवंतांपुरतीच राहते आणि त्या बारा श्रेयांकांबरोबर विद्यार्थ्याच्या खिशात काहीही पडत नाही. नाशिकमध्ये पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवताना मला वर्षानुवर्षे जे दिसत आले आहे, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, संशोधन शिकण्याची खरी जागा ही पीएचडी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाताखालची उमेदवारी आहे आणि त्या उमेदवारीला वेतन असलेच पाहिजे, शिकणाऱ्यालाही आणि शिकवणाऱ्यालाही.

वेतनाचा मुद्दा आधी घेतो, कारण चर्चेत तोच सर्वांत शेवटी येतो आणि मग वेळ संपल्यामुळे राहून जातो. आमच्या वर्गातली निम्मीअधिक मुले दिंडोरी, निफाड, सिन्नर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून आलेली असतात. काही रोज एसटीने ये-जा करतात, काही चौघांत एक खोली घेऊन राहतात. द्राक्षाच्या हंगामात घरच्या बागेवर हात लागतात, म्हणून जानेवारीपासून मार्चपर्यंत कित्येकांची हजेरी कमी होते. शहरात राहणारी मुले संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभी राहतात किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करतात. अशा मुलाला ‘सुट्टीत प्रयोगशाळेत ये, अनुभव मिळेल’ असे सांगणे म्हणजे त्या दोन महिन्यांची त्याची कमाई संशोधनाला दान कर, असे सांगणे होय. ते दान ज्यांच्या घरी परवडते तेच येतात, आणि पुढे त्यांनाच ‘संशोधनाची आवड असलेले विद्यार्थी’ म्हटले जाते. आवड इतरांनाही असते, मात्र ती फुकट जोपासण्याची सोय त्यांच्याकडे नसते.

अमेरिकेत हे गणित फार पूर्वी मांडले गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची योजना सुरू केली. तिच्यात विद्यार्थ्याला आपल्या कामाबद्दल श्रेयांक किंवा वेतन घेता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका योजनेने त्यापुढचे पाऊल टाकले. तेथे पीएचडी करणारा विद्यार्थी आपल्या प्रबंधातील एका भागासाठी पदवीचा विद्यार्थी जोडीला घेतो, उन्हाळ्यात दोघे मिळून काम करतात आणि विद्यावेतन दोघांनाही मिळते. शिवाय मार्गदर्शन कसे करावे, याचे प्रशिक्षण त्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आधी दिले जाते. मला या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट ती वाटते, कारण उत्तम संशोधन करणाऱ्याला शिकवताही येईल, हे आपण उगीचच गृहीत धरतो.

आपल्याकडे पैसे देणाऱ्या योजना नाहीत असे नाही. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ या विज्ञानविषयक योजनेत विलीन झाली. ‘इन्स्पायर’च्या शिष्यवृत्तीत वर्षाला ८०,००० रुपये मिळतात आणि त्यांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही उन्हाळी कार्यक्रम असतो. आमच्याकडची एखादी मुलगी अशा ठिकाणी निवडली गेली की सूचनाफलकावर तिचा फोटो लागतो, आणि तो लागावाच. परंतु या सगळ्या योजना वेचून घेण्याच्या आहेत आणि बहुतेक वेळा त्या विद्यार्थ्याला बंगळूर, मुंबई किंवा पुण्याला नेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी बरेच संशोधन चालू असते आणि त्याला हातही हवे असतात, पण तेथील पदवीच्या वर्गाला त्याची गंधवार्ता नसते. येथील अनेक महाविद्यालयांत विद्यापीठाची मान्यता असलेली संशोधन केंद्रे आहेत. वरच्या मजल्यावर पीएचडीचे काम चालते, खालच्या मजल्यावर टीवायची, म्हणजे तृतीय वर्षाची, मुले जर्नल पूर्ण करतात आणि दोघांची गाठ फक्त पाण्याच्या कूलरपाशी पडते.

मार्गदर्शक म्हणून प्राध्यापकापेक्षा पीएचडीचा विद्यार्थी का, हे एका उदाहरणाने सांगतो. गोदावरीच्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण गंगापूर धरणापासून तपोवनातील मलजलशुद्धीकरण केंद्राच्या खालच्या बाजूपर्यंत आणि तेथून नांदूर मधमेश्वरपर्यंत कसे बदलत जाते, असा एखाद्याचा विषय आहे असे समजा. हे प्रमाण मोजण्याची विंकलरची पद्धत टीवायच्या मुलांनी पुस्तकात वाचलेली असते. मँगनस सल्फेट घालायचे, अल्कधर्मी आयोडाइड घालायचे, तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही, पुढे आम्ल, मग स्टार्च टाकून थायोसल्फेटने निळा रंग जाईपर्यंत अनुमापन. हे सारे परीक्षेत बिनचूक लिहिणारा विद्यार्थी नदीवर उभा राहिला की बाटली तिरकी धरून भरतो, पाण्याबरोबर बुडबुडे आत जातात आणि जो प्राणवायू मोजायचा तोच बाहेरून मिसळला जातो. बाटली पाण्याखाली तोंडापर्यंत भरू द्यायची, बूच बसवताना आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, पहिली दोन रसायने नदीकाठीच घालायची, कारण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आतले जीव प्राणवायू वापरून टाकतात, हे सगळे कोणी तरी हात धरून दाखवावे लागते. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातले जीव किती प्राणवायू वापरतात ते, मोजायची तर त्याच पाण्याची दुसरी बाटली, ही रसायने न घालता, २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवावी लागते. गुरुवारी घेतलेल्या नमुन्यासाठी रविवारी यावे लागते आणि सकाळची पाळी रविवारीही असते. विद्यावेतनाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

पीएचडीच्या विद्यार्थ्याकडून या चुका दोन-तीन वर्षांपूर्वीच झालेल्या असतात. आम्हा प्राध्यापकांना त्या इतक्या जुन्या झाल्या आहेत की, आपल्याला हे कधी येत नव्हते याचाच विसर पडलेला असतो. शिवाय ‘सर, मला मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक अजून नीट कळलेला नाही’, असे तृतीय वर्षाची मुलगी आमच्यासमोर कबूल करणार नाही, पण संशोधन करणाऱ्या ताईला बसस्टॉपवर विचारील. वर्गातल्या प्रॅक्टिकलचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि ते न जुळल्यास मुले शेजाऱ्याचा आकडा उतरवतात, हे आम्हालाही ठाऊक असते. संशोधनात उत्तर कोणालाच ठाऊक नसल्यामुळे उतरवायला शेजारी नसतो. विचित्र आलेला आकडा खोडायचा नाही, त्याच्यापुढे त्या दिवशीची परिस्थिती लिहून ठेवायची, ही सवय लागायला दोन महिने पुरतात आणि माझ्या मते उमेदवारीतून एवढे पदरात पडले तरी पुष्कळ झाले.

ही गोष्ट विज्ञानापुरती आहे, असा समज होऊ नये. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आणि रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळीच्या वह्या ज्या शहरात आहेत, तेथे इतिहासाच्या संशोधकाला मोडी वाचणारा जोडीदार मिळाला तर त्याचे काम किती पुढे जाईल! मोडी शिकायला घरून कोणी फारसे पाठवत नाही. विद्यावेतन असेल, तर कला शाखेची मुलेही ती शिकतील.

आता दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांचा विचार. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळालेल्यास जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. काहींना बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांचे साहाय्य असते. ज्यांना यांतले काहीच मिळालेले नाही, ते तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत शिकवतात आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहितात. त्यांच्या गळ्यात आणखी एक विद्यार्थी फुकटात बांधला, तर तो विद्यार्थी काचेची भांडी धुणे, झेरॉक्स काढणे आणि संदर्भसूची टंकणे एवढ्याच कामांना लागेल, आणि त्याबद्दल त्या बिचाऱ्या संशोधकाला दोष देता येणार नाही. मार्गदर्शनालाही मानधन असले, म्हणजे ते जबाबदारीने मागता येते.

पैसे दिले की मुले पैशांसाठी येतील, हा आक्षेप मला अनेकदा ऐकवला गेला आहे. येऊ देत की. भाऊराव पाटलांच्या परंपरेतली ‘कमवा व शिका’ ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ती योजना आजही चालते आणि तिच्यातून कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत काम करणाऱ्या मुलांच्या हेतूबद्दल कोणी शंका घेत नाही. ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे तास मोजता येतात, तर मोडी कागद वाचण्याचे किंवा अनुमापनाचेही मोजता येतील. मला भीती आहे ती प्रमाणपत्रांची. आजकाल दोन आठवड्यांच्या ‘ऑनलाइन इंटर्नशिप’ची रंगीत प्रमाणपत्रे विद्यार्थ्यांकडूनच शुल्क घेऊन वाटली जातात, आणि ज्याने काम करायचे त्यानेच पैसे भरायचे, हा उलटा व्यवहार पालकही निमूटपणे मान्य करतात.

एखाद्या शिक्षणसंस्थेने मनावर घेतले तर खर्च फार नाही. आठ आठवडे, आठवड्याला २० तास, म्हणजे १६० तास होतात. तासाला १०० रुपये धरले तर विद्यार्थ्याचे १६,००० आणि मार्गदर्शकाचे १०,००० असे एका जोडीचे २६,००० रुपये. दहा जोड्यांचा खर्च २ लाख ६० हजार, त्यावर रसायने आणि प्रवासाचे थोडे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या मांडव, जेवण आणि स्मृतिचिन्हांवर याहून अधिक खर्च झालेला मी पाहिला आहे. अटी मोजक्याच ठेवाव्यात, पण त्या लेखी असाव्यात. विद्यावेतन दर महिन्याला मिळावे, शेवटी एकदम नको, कारण खोलीचे भाडे महिन्यालाच द्यावे लागते. कामाचा निदान एक लहान प्रश्न विद्यार्थ्याचा स्वतःचा असावा आणि त्याचे निरीक्षण शोधनिबंधात वापरले गेले, तर लेखकांत किंवा ऋणनिर्देशात त्याचे नाव कोठे येणार, हे पहिल्याच आठवड्यात ठरावे. हे शेवटपर्यंत तसेच ठेवल्यामुळे गाईड, संशोधक आणि विद्यार्थी अशा तिघांमध्ये कटुता येते.

निवड गुणपत्रिकेवर करू नये. संशोधकाने आपला विषय एका पानात, विद्यार्थ्याला समजेल अशा मराठीत लिहून लावावा, विद्यार्थ्याने तो वाचून त्यावरचे आपले दोन प्रश्न लिहून आणावेत आणि त्या प्रश्नांवर दोघांनी अर्धा तास बोलावे. काळ दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीचा धरावा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट निवडताना विद्यार्थ्याला काही तरी कळलेले असेल. आमच्या भागात एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी असते, त्यामुळे निफाड-दिंडोरीच्या मुलांसाठी सुरुवातीची तारीख पंधरवडाभर मागेपुढे करण्याची मुभा असावी.