तुतुतेपेक: पिरॅमिड बघायला गेलो आणि सातबारा भेटला

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या पुएर्तो एस्कोंदिदोला लोक सर्फिंगसाठी जातात, मला धड पोहता पण येत नाही, त्यामुळे दोन दिवस वाळूत लोळून झाल्यावर म्हटलं चला तुतुतेपेकला जाऊन येऊ. किनाऱ्याच्या हायवेने पश्चिमेला, मग सांता रोसापाशी उतरून डोंगरावर शेअर टॅक्सी. मिश्तेक या इथल्या मूळ लोकांची एके काळची राजधानी म्हणजे मोठमोठे पिरॅमिड असणार असं डोक्यात होतं, आणि बघतो तर काय, चर्च, शाळा, दुकानं, साधं गाव! जुनं शहर सुमारे 22 चौरस किलोमीटर पसरलं होतं म्हणे, पण ते आता या गावाच्या आणि आजूबाजूच्या शेतांच्या खाली आहे. 😅

मग गावकऱ्यांनीच चालवलेल्या म्युझियममध्ये गेलो. छोटंसंच आहे, पण तिथले कोरीव दगड बघितल्यावर टॅक्सीचे पैसे वसूल.

इथला हिरो म्हणजे ‘8 हरीण’, टोपणनाव जॅग्वारचा पंजा. जन्मदिवसावरून नाव ठेवायची पद्धत, आपल्याकडे एखाद्याला ‘अष्टमी’ म्हणावं तसं. जन्म 1063 चा, वर डोंगरातल्या तिलांतोंगोचा, वडील पुजारी, म्हणजे गादी काही वारशात मिळणार नव्हती. मग पठ्ठ्या खाली किनाऱ्यावर आला, इथे राज्य उभं केलं, आणि नंतर तिलांतोंगोची गादी पण मिळवली! शेवटी 1115 मध्ये त्याचाच बळी दिला गेला. तुतुतेपेक मात्र नंतर अजूनच वाढलं, कापूस, कोको, मीठ, पिसं असला सगळा किनाऱ्याचा माल हाताशी, आणि तेव्हाच्या बलाढ्य अझ्टेक साम्राज्याला हे राज्य कधीच जिंकता आलं नाही.

ही सगळी स्टोरी हरणाच्या कातड्यावर रंगवलेल्या चित्रपोथ्यांमध्ये आहे. त्यातली एक, कोडेक्स कोलोम्बिनो, याच गावाकडे होती आणि 1717 मध्ये गावाने ती जमिनीच्या भांडणात पुरावा म्हणून दाखवली! म्हणजे राजाचं चरित्र आणि गावाचा सातबारा एकच 😂 मला तर पिरॅमिडपेक्षा हेच जास्त आवडलं. आता ती मेक्सिको सिटीत आहे.

1522 मध्ये स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादो आला, इथल्या तेव्हाच्या राजाला कैद करून सोनं उकळलं, राजा कैदेतच वारला. स्पॅनिश लोकांनी इथे आपली वसाहत पण टाकली, पण उकाड्याने हैराण होऊन थोड्याच काळात गाशा गुंडाळून वाहाका खोऱ्याकडे निघून गेले. दुपारी दोन वाजता भर उन्हात परतीच्या टॅक्सीची वाट बघत उभा होतो तेव्हा मला ते अगदी पटलं.