डे-केअर केंद्रातील औषधांचे कपाट

डे-केअर शस्त्रक्रिया केंद्रात रुग्ण सकाळी सातला उपाशीपोटी येतो, हर्नियाची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतो आणि दुपारी चहा-बिस्किटे खाऊन टॅक्सीने घरी जातो. मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णाच्या औषधांचा कागद निवासी डॉक्टर, दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर आणि औषधभांडारातील फार्मासिस्ट अशा अनेकांच्या नजरेखालून जातो, त्यामुळे एकाच्या हातून निसटलेली चूक दुसऱ्याला सापडण्याची शक्यता असते. डे-केअरमध्ये औषध लिहिणे, भरणे आणि टोचणे हे सारे काही मिनिटांत, दोन-तीन माणसांमध्ये उरकते. सल्लागार फार्मासिस्ट म्हणून मी दादर, मुलुंड आणि अंधेरीतील काही छोट्या केंद्रांना ठरावीक काळाने भेट देते, ती ही उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी.

औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, मग दवाखान्यात का नाही, असे मला अनेकदा विचारले जाते. नोंदणीकृत डॉक्टरने उघड दुकान न मांडता स्वतःच्याच रुग्णाला औषध दिले, तर औषध नियमावलीच्या ‘अनुसूची के’नुसार त्याला विक्री परवान्यातून सूट मिळते. ही सूट रास्त आहे, कारण तिच्याविना खेड्यापाड्यांतील डॉक्टरांचे काम चालणे कठीण झाले असते. पण त्याच सवलतीमुळे मुंबईतील चकचकीत केंद्रातील भूल देण्याच्या औषधांचे कपाटही कायदेशीररीत्या फार्मासिस्टविना राहू शकते. अमेरिकेत कुशल शुश्रूषा देणाऱ्या नर्सिंग होममध्ये फार्मासिस्टने दरमहा प्रत्येक रुग्णाच्या औषधांचा आढावा घ्यावा, असा नियम १९७४ साली आला आणि सल्लागार फार्मासिस्ट हा व्यवसाय तिथे त्या नियमाच्या आधाराने वाढला. आपल्याकडे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये एकाच घटकाची पुनरुक्ती, औषधांच्या परस्परक्रिया, चुकीची मात्रा आणि अ‍ॅलर्जी तपासण्याची जबाबदारी फार्मासिस्टवर टाकलेली आहे. मात्र जिथे फार्मासिस्टच नाही, तिथे ती जबाबदारी कोणाच्या गळ्यात घालणार?

केंद्रात गेल्यावर मी आधी भूलतज्ज्ञांचा ट्रे पाहते. सिस्टर अँप्यूल (औषधाच्या छोट्या काचेच्या कुप्या) खोक्यांतून काढून एका कप्प्यात उभ्या करून ठेवतात. “मॅडम, खोक्यासकट ठेवले तर ट्रेमध्ये बसतच नाहीत,” हे त्यांचे म्हणणे खरे असते, पण खोके गेले की औषधाचे नाव अँप्यूलवरच्या बारीक अक्षरांपुरते उरते आणि दोन कंपन्यांची दोन वेगळी औषधे जुळ्या भावांसारखी शेजारी उभी राहतात. पाठीच्या कण्यात द्यायचे भुलीचे औषध ब्युपिव्हकेन आणि रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड यांची अशीच अदलाबदल जगभर अनेक ठिकाणी झाली आहे; ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड कण्यात गेले तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात आणि रुग्ण दगावूही शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याविषयी इशारा दिला. यावर ‘लेबल नीट वाचा’ अशी पाटी लावण्याचा फारसा उपयोग होतो, असे मला वाटत नाही. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड भुलीच्या ट्रेमधून उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटात ठेवायचे, म्हणजे घाईतही हात तिथे चुकून पोहोचत नाही.

त्यानंतर फ्रीज. भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारी सक्सामेथोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही औषधे आणि न उघडलेले इन्सुलिन यांना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि छोट्या केंद्रात त्यांच्या वाट्याला येतो तो घरगुती फ्रीज, ज्याच्या दारात पाण्याच्या बाटल्या आणि खालच्या खणात कोणाचा तरी डबा असतो. एका केंद्रातील तापमानाच्या वहीत महिनाभर रोज ‘४’ हाच आकडा होता, एकाच पेनाने लिहिलेला, आणि केंद्र बंद असलेल्या रविवारांपुढेही तो तितक्याच निष्ठेने मांडलेला होता. मी सिस्टरना काही बोलले नाही, कारण फ्रीजमध्ये तापमापकच नव्हता आणि वही भरण्याचा हुकूम मात्र होता. किमान आणि कमाल दोन्ही तापमाने लक्षात ठेवणारा तापमापक आणायला लावला, तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेल्या खोक्यांपाशी रात्री तापमान शून्याखाली जात असल्याचे दिसले. एकदा गोठलेले इन्सुलिन दिसायला ठीक दिसले तरी वापरायचे नसते. वीज गेली तर काय करायचे, हेही लिहून ठेवावे लागते. मुंबईत वीज जात नाही, हा आपला समज १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी चांगलाच मोडला होता.

इन्सुलिनचा आणखी एक धोका आपल्या देशात ठळक आहे. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्या सर्रास मिळतात आणि १०० युनिटच्याही मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने औषध ओढले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. डायलिसिस केंद्रात दोन्ही सिरिंज एकाच डब्यात दिसल्या की मी तो डबा तिथेच रिकामा करायला लावते.

पॉलिक्लिनिकमध्ये कपाटापेक्षा रुग्णाची प्लास्टिकची पिशवी अधिक बोलते. लालबागहून आलेल्या एका आजींच्या पिशवीत रक्तदाबाच्या दोन पाकिटांची नावे वेगळी होती, डॉक्टरही वेगळे होते, पण दोन्हींत टेल्मिसार्टन होते. “आणखी काही घेता का, आजी?” यावर उत्तर आले, “नाही गं बाई.” गुडघ्यासाठी, झोपेसाठी, पोट साफ होण्यासाठी असे एकेक विचारत गेल्यावर गुडघ्याची गोळी निघाली, ती डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची, आणि रक्त पातळ ठेवणारे अ‍ॅसिनोकुमॅरॉल तर रोजचेच चालू होते. या दोन्हींनी मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी मी गोळी स्वतः बंद करत नाही; डॉक्टरांना फोन करून “सर, दोन्हींत टेल्मिसार्टन आहे, कोणती ठेवायची? आणि गुडघ्यासाठी दुसरे काय देता येईल?” एवढेच विचारते. बहुतेक डॉक्टर मनापासून उत्तर देतात. दोन ओपीडींच्या मध्ये गाडीत असलेले डॉक्टर फोनवर सापडणे, हीच खरी अडचण आहे.

औषधामुळे त्रास झाल्याची शंका आली, तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते. पण चूक होता होता टळली, तर ती कुठेच लिहिली जात नाही. म्हणून प्रत्येक केंद्रात मी एक वही ठेवते, ज्यात तारीख, औषध आणि नेमके काय घडले असते एवढेच लिहायचे असते. एका मालक-डॉक्टरांनी त्यात सिस्टरच्या नावाचा रकाना हवा, असा आग्रह धरला. मी त्यांना म्हटले, की रकाना वाढवलात तर वही कोरी राहील आणि कोरी वही तपासायला मी येणार नाही. आठवडाभराने त्यांनी होकार कळवला. आता त्या वहीतल्या नोंदी वाचून कपाटात काय हलवायचे ते आम्ही दोघे मिळून ठरवतो.