पिंपरीत जोडलेली मर्सिडीज, निगडीच्या अंगणात

१९९६ची मर्सिडीज ई २२० कोल्हापूरहून निगडीला स्वतःच्या चाकांवर आली. साताऱ्यापर्यंत इंजिन अगदी गोड चाललं, मग खंबाटकीच्या बोगद्याआधीच्या चढावर मिसिंग सुरू झालं, इंजिन मध्येच अडखळू लागलं. अर्धा तास थांबलो, बॉनेट उघडं ठेवलं, आणि गाडी पुन्हा काही झालंच नाही अशी निघाली. थंड असली की ठीक, तापली की तेच. आधीचे मालक डॉक्टर होते. त्यांनी बिलांची जाड फाइल सोबत दिली होती. प्लग, कॉइल, पेट्रोल पंप, सगळं बदलून झालेलं, काही वस्तू तर दोनदा. आजार मात्र जिथल्या तिथे.

ही गाडी मला फार वर्षांपासून हवी होती. तिचं डब्ल्यू १२४ हे मॉडेल जर्मनीत १९८४च्या अखेरीला आलं, ब्रुनो साको तेव्हा मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. भारतात ते १९९५पासून जोडलं जाऊ लागलं, आणि तेही आमच्या पिंपरी-चिंचवडमध्येच, टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना २००९चा, म्हणजे पुष्कळ नंतरचा. शेजारच्या काकांची सगळी नोकरी टेल्कोत गेली. गाडी दारात उभी राहिली तसे ते अनवाणीच बाहेर आले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "आमच्याकडचीच की रे ही. माहेरी आली."

पहिले दोन आठवडे मी एकही पाना लावला नाही, फक्त बघत बसलो. एका रात्री टॉर्चच्या उजेडात दुसऱ्या इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या तोटीच्या) कपलरवरचं, म्हणजे तारा जोडायच्या प्लगवरचं, रबर मागे सरकवलं आणि आतल्या वायरवरचं प्लास्टिक बोटाला लागून गळून पडलं. खारी मोडावी तसे पापुद्रे. खाली तांबं उघडं, आणि शेजारच्या वायरचंही. जवळजवळ अठ्ठावीस वर्षं इंजिनाच्या धगीत राहिलेलं वायरिंग होतं ते. तापलं, थोडं हललं, की दोन तारा एकमेकींना टेकत होत्या. इतकी बिलं फाडली गेली, पण ते रबर कुणी मागे सरकवून पाहिलं नव्हतं. कुणीतरी काळी टेप तेवढी गुंडाळली होती.

नवं वायरिंग मिळालं असतं तर मी घेतलं असतं. पण माझ्या गाडीला जुळेल असं तयार काही हाती लागेना आणि जुन्या गाडीचं काढलेलं घेण्यात अर्थ नव्हता, तेही तितकंच शिजलेलं असणार. म्हणून घरीच बनवायचं ठरवलं. हे काम अवघड नाही, पण घाई अजिबात चालत नाही. आधी प्रत्येक कपलरचा फोटो काढला. मुलीने चिकटपट्टीवर नंबर लिहून ते एकेका टोकाला लावले. मग सगळं वायरिंग अखंड उचलून प्लायवूडच्या फळीवर पसरलं, प्रत्येक फाट्यापाशी खिळे ठोकले आणि पेन्सिलने रेषा मारल्या. त्या फळीमुळेच पुढचं सगळं जमलं. एखादी तार दोन इंच आखूड पडली तर ती कपलरला ओढ देत राहते आणि वर्षभरात पुन्हा तोंड उघडते.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून १८० अंश सेल्सिअस सोसणारी सिलिकॉनची वायर आणली, जुन्या तारेइतक्याच जाडीची. सिलिकॉन उष्णतेला पक्कं, पण पत्र्याच्या धारेवर घासलं तर लगेच कापलं जातं, म्हणून सगळीकडे विणलेली स्लीव्ह चढवली. जोड सोल्डर न करता क्रिंप केले, म्हणजे पक्कडीने दाबून बसवले. इंजिनाच्या थरथरीत सोल्डरच्या कडेला तार कडक होऊन तुटते.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो रंगांनी. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थ (बॉडीला जोडलेला मायनस), लाल म्हणजे थेट बॅटरीचा प्लस आणि काळी म्हणजे किल्ली फिरवल्यावर मिळणारा प्लस. आपल्याकडे गाडीच्या वायरमनचा हात अर्थसाठी आपसूक काळ्या वायरकडे जातो. कधीतरी झालेल्या दुरुस्तीत तसंच झालं होतं, तीन ठिकाणी काळा तुकडा अर्थला जोडलेला. रंगावर विश्वास ठेवून मी जोडत गेलो असतो तर इंजिनाचं कंट्रोल युनिट, त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, गेलं असतं. म्हणून प्रत्येक तार दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावून तपासली, तीही हलवत, वाकवत. चारही इंजेक्टर मोजले, प्रत्येकी १५ ओहमच्या आसपास. म्हणजे दोष त्यांच्यात नव्हता.

अकरा रविवार गेले. बाराव्या रविवारी किल्ली फिरवली. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन लागलं. पंखा सुरू होईपर्यंत तापवलं, तरी रेसला कुठेच अडखळलं नाही. काका खुर्ची टाकून शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत, नुसता कान देऊन ऐकत राहिले.

पत्र्याचं काम मी वेल्डरकडून करून घेतलं. जॅक लावायच्या जागांवरची प्लास्टिकची झाकणं काढून आत स्क्रूड्रायव्हर टोचला, तर मागच्या दोन्ही बाजूंना तो आरपार गेला. वरून रंग सुंदर दिसणाऱ्या गाडीत गंज इथे लपलेला असतो, घेणाऱ्याने आधी इथेच पाहावं. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवून कंट्रोल युनिटचे प्लग काढून ठेवा, हे वेल्डर सांगेलच असं नाही.

आता बदलांबद्दल. गाडी खाली बसवून रुंद चाकं घालायची हौस मलाही होती. पण मूळ रचनेत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि आमच्या भागातल्या स्पीडब्रेकरवर खाली बसवलेली गाडी टिकणारही नाही. शेवटी मी केलं ते उलटंच, गाडी थोडी वर उचलली. या गाडीच्या स्प्रिंगवर रबराच्या गाद्या असतात, त्यांवर एक ते चार उंचवटे, एक उंचवटा जास्त म्हणजे गादी ५ मिलिमीटर जाड. पुढे एक उंचवट्याच्या होत्या, तिथे तीनच्या घातल्या. पुढचा स्प्रिंग आतून दाबणाऱ्या खास कंप्रेसरशिवाय काढू नका. मी तो गॅरेजमध्ये काढून घेतला, दाबलेला स्प्रिंग सुटला तर माणूस मरतो.

दुसरा बदल हेडलाइटचा. जुन्या स्विचमधून सगळा करंट जात असल्याने बल्बपर्यंत साडेअकरा व्होल्टही पोचत नव्हते. दोन रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारे स्विच) आणि फ्यूज घालून बॅटरीवरून थेट पुरवठा दिला, बल्ब तेच ठेवले. रात्रीचा महामार्ग एकदम वेगळा दिसू लागला.

मे संपता संपता वायपर उघडला. या गाडीला एकच वायपर, पण तो नुसता गोल फिरत नाही. आतल्या दातेरी यंत्रणेमुळे कोपऱ्याकडे जाताना दांडी लांबते, मध्ये आखडते, आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. ग्रीस सुकून मेण झालं होतं, दांडी कण्हत होती. सगळं रॉकेलने धुतलं, नवं ग्रीस भरलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ फुटलं तेव्हा काकांना घेऊन देहूरोडपर्यंत गेलो. वायपर डाव्या कोपऱ्यात पोचून लांबला, पाणी ओढून परत आला. "थांब," काका म्हणाले, "वेग कमी कर, मला परत बघू दे." मी गाडी कडेला घेतली आणि काच बंद करून आम्ही दोघं तो वायपर बघत बसलो.